पोटरीचा अभ्यास

७ फेब्रुवारी

प्रिय खांब्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नसेल. माझंच आहे. पूर्वी सगळे म्हणायचे, मोत्यासारखं. आता मोती सुटून घरंगळलेत. आईला झालं तेच मला झालंय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. तीन वर्षं झाली. चालताना तोल जातो, घाईने बोलले तर शब्द एकमेकांच्या पायात येतात, आणि सुईत दोरा ओवणं बंद झालंय. भूक, झोप आणि जीभ मात्र शाबूत आहे. परवा औषधांच्या दुकानासमोर माझी झोकांडी गेली, तेव्हा मागून एक बाई दुसरीला म्हणाली, ‘सकाळी सकाळीच?’ मी वळून म्हटलं, हो, आणि तेही न पिता. वळण्यात आणखी एक झोकांडी गेली, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही.

अकरा वर्षांत तुला पत्रं लिहिली नाहीत असं नाही. लिहिली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवली. हे मात्र टाकणार आहे, कारण काम आहे. बिनकामाचं पत्र तुला पाठवायची अजून माझी छाती होत नाही.

इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आमच्यासारख्यांवर संशोधन चाललंय. हा आजार रक्तातून उतरतो आणि मेंदूचा मागचा भाग कुरतडतो, एवढं आपल्याला आईच्या वेळी सांगितलं होतं. आता तिथल्या डॉक्टरांना शंका आहे की स्नायूंनाही ऊर्जा पुरत नसावी. ती मोजायची रीत ऐक. आपण एका मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात पाय घालून आडवं व्हायचं. पोटरीखाली एक वेटोळं असतं. दोन मिनिटं पायाने पायडल दाबत राहायचं, म्हणजे पोटरीतला ऊर्जेचा साठा उतरतो. मग गप्प पडून राहायचं. तो साठा निम्मा भरून यायला किती सेकंद लागतात, ते यंत्र बाहेरच्या बाहेर मोजतं. टोचणं नाही, कापणं नाही. नुसता ठकठक ठकठक आवाज. मोबाईल चार्जिंगला लावल्यासारखी मी पडून असते.

धडधाकट माणसाला तीस-पस्तीस सेकंद पुरतात म्हणे. मला लागले एकसष्ट.

संशोधन करणारी डॉक्टर सडपातळ आहे आणि सेकंदांशिवाय बोलत नाही, म्हणून तुझ्या भाऊजींनी तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय. यंत्र चालवणारा माझा पाय पट्ट्यांनी आवळतो, तो पायबांधे. सहा महिने रोज एक गोळी घ्यायची. काहींना खरी मिळते, काहींना नुसती तशी दिसणारी, आणि कुणाला कुठली ते घड्याळबाईलाही ठाऊक नाही. एकच अट आहे. या सहा महिन्यांत नवा व्यायाम सुरू करायचा नाही, नेहमीचं वागणं बदलायचं नाही, आणि रोज काय केलं ते वहीत लिहायचं.

आता काम. त्यांना रुग्णांची सख्खी भावंडं हवी आहेत. आजार असो, नसो, ठाऊक नसो, एका घरच्या दोन पोटऱ्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत. माझ्याकडे सख्खा एकच आहे आणि तो कुठल्याशा बंदरावर दीडशे फूट उंच क्रेनमध्ये बसलेला असतो. तुला हा आजार असण्याची शक्यता निम्मी. तू रक्त तपासलंस का, मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही. इथेही रक्त दिलंच पाहिजे असं नाही, मी आधीच खात्री करून घेतलीय. फक्त पाय हवाय.

येशील का?

तुझी ताई


१९ मार्च

प्रिय खांब्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार शब्द. ‘आकडा कुणाकुणाला सांगणार आहेस?’ खाली सही नाही. क्रेनवाल्यांना शाई मोजून मिळते का?

वर्मी लागलं, लपवत नाही. पण मग माझंही ऐक. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लहानपणापासून ऐकवलं जातंय. तरी त्या ग्रंथपाल मुलीला मी आईच्या आजाराचं सांगितलं ते तिच्या भल्यासाठी. तुमचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. आपण काय घरात घेऊन येतोय, उद्या मुलांनाही हे होऊ शकतं, हे तिला कळायला नको होतं? तिने लग्न मोडलं, तो तिचा निर्णय. खरं बोलल्याची शिक्षा म्हणून तू अकरा वर्षं बोलला नाहीस. आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा आलास, भिंतीशी उभा राहिलास आणि गेलास. असो. चिडायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते.

चांगली बातमी सांगते. काल दुसरं मोजमाप झालं. चव्वेचाळीस! एकसष्टवरून चव्वेचाळीस. पायबांधेने दोनदा पट्टे तपासले, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. घड्याळबाई खोलीत आली, पडद्याकडे बघितलं आणि चक्क खुर्चीवर बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ‘इतका फरक कुणातच आलेला नाही,’ म्हणाली. मला खरी गोळी मिळत असणार असा तिचा कयास आहे, तोंडाने म्हणत नाही. घरी येईपर्यंत माझा तोल तीनदा गेला आणि तिन्ही वेळा मी हसत होते.

तुझ्या भाऊजींचा आनंद तर गगनात मावेना. तीस वर्षं शाळेत परीक्षा घेतलेला माणूस. शेजारच्या काकूंना सांगून आले, आमच्या घरात पहिला नंबर आलाय. कसला, ते सांगायचं राहून गेलं, त्यामुळे काकू आता मला विचारत असतात.

येतोस का ते लिही. या वेळी पाच शब्द चालतील.

ताई


२ एप्रिल

खांब्या,

हे पत्र फाडून टाक. आधी वाच, मग फाड.

तो आकडा खोटा आहे. म्हणजे यंत्राने बरोबर मोजला, पण मी तो चोरून आणलाय.

जानेवारीत एकसष्ट आला त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. आपल्या घरात कुणाला एवढे कमी मार्क मिळालेत का? हे म्हणाले, पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे ना, मग अभ्यास कर. अगदी सरळ म्हणाले, जसं वर्गात म्हणत असतील. आणि मलाही ते सरळच वाटलं. परीक्षेआधी अभ्यास करायचा नाही, असं कुठल्या घरात असतं?

माझं जुनं पायमशीन आठवतंय ना? सुई बोटातून आरपार गेली तेव्हा यांनी सुई काढून कपाटात ठेवली, दोरा-बॉबिनही. पण पट्टा चाकावर तसाच होता. मग सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं मी रिकामं मशीन हाणत बसले. ना कापड, ना सुई. हात माझं ऐकत नाहीत, पाय मात्र तीस वर्षांच्या सवयीने आपले आपण चालतात. हे शेजारी घड्याळ घेऊन बसायचे. भिंतीवर तक्ता लावला, पायडल किती, दम लागला का, पोटरी दुखली का. लाल शाईने शेरे दिलेत. ‘प्रगती समाधानकारक.’ आणि हॉस्पिटलच्या वहीत मी रोज लिहीत होते: नेहमीप्रमाणे.

मला खरंच मजा येत होती रे. तीन वर्षांत पहिल्यांदा अंगातला एक अवयव सुधारत होता.

मग काल काय झालं ते ऐक. तिथे एक गवंडी येतो, आमच्याच आजाराचा, माझ्याहून लहान. त्याच्या मुलीला आत्ताच सोळाव्या वर्षी सुरू झालंय. तो माझ्या बाकावर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, ‘ताई, तुम्हाला गोळी लागू पडली म्हणतात. मुलीला कधी मिळेल, तुम्ही बाईंना विचाराल का?’ पायबांधेच्या तोंडून फुटलं असणार. मी विचारते म्हणाले. काय सांगू दुसरं? त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात हलत होता, माझाही, दोघांनाही तो नीट सोडवता येईना.

रात्री हे म्हणाले, आपण खोटं थोडंच बोललो, नुसतं बोललो नाही. तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणारा माणूस असं म्हणाला आणि मग स्वतःच उठून पाणी प्यायला गेला.

सांगितलं तर मला काढून टाकतील. तिची इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाईल. नाही सांगितलं तर तो माणूस त्या गोळीवर मुलीची आशा ठेवून बसेल. दुसऱ्याचं खरं सांगायला मी वाऱ्यासारखी धावते, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली तर पाय उचलत नाही. हे मी तुला का लिहितेय ते मला नीट माहीत नाही. तुझ्यासमोर लाज वाटून घ्यायची सवय आहे, म्हणून असेल.

ताई


१४ एप्रिल

प्रिय खांब्या,

‘त्या शुक्रवारी तुला कुणी जा म्हटलं नव्हतं, तरी गेलीस. आता जायला हवं तर बसून राहिलीस. ऊठ.’ या वेळी शब्द मोजले नाहीत. तुझं पत्र सकाळी आलं आणि अकरा वाजता आम्ही दोघं घड्याळबाईच्या दारात होतो.

मी सगळं सांगितलं. अडखळत, पण एका दमात. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ओरडणार. तिने विचारलं, ‘रोज किती मिनिटं?’ मी म्हटलं, ऐंशी. ‘किती आठवडे?’ तेव्हा तुझ्या भाऊजींनी पिशवीतून भिंतीवरचा तक्ता काढला आणि तिच्यासमोर पसरला. ती बोटाने एकेक आठवडा वाचत गेली. म्हणाली, ‘आमच्या वहीपेक्षा ही नोंद चांगली आहे.’ यांची मान ताठ झाली, ती मी कोपराने खाली केली.

पण माफी सहज मिळाली नाही. माझे आकडे गोळीच्या हिशोबातून बाद झाले. फरक गोळीमुळे पडला की मशीनमुळे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तसं ती स्पष्ट म्हणाली. मला रागावलीही, हळू आवाजात, म्हणून जास्त लागलं. शेवटी म्हणाली, त्या गवंड्याला तुम्हीच सांगायचं.

सांगितलं. मी पाय बघत होते, त्याचे, माझे. मग त्याने विचारलं, ‘ते मशीन कुठे मिळतं?’ मला रडू आलं आणि हसूही. मी म्हटलं, एका पोटरीवरून काही ठरत नाही, बाईंना विचारल्याशिवाय मुलीला काही करायला लावू नकोस. नवलाची गोष्ट म्हणजे घड्याळबाईलाही तोच प्रश्न पडलाय. व्यायामाचं वेगळं संशोधन करायचं तिच्या मनात आहे, रीतसर, सगळ्यांना सांगून. माझं नाव त्यात पहिलं असेल असं मी तिला सुचवलं. तिने घड्याळाकडे बघितलं.

आता दुसरं. एकदा तोंड उघडलंच आहे तर बंद करण्याआधी हेही निघू दे.

त्या मुलीच्या भल्यासाठी सांगितलं असं मी मागच्या महिन्यात लिहिलं. ते कारण मी मागाहून शिवलं. मापात बसलं, म्हणून अकरा वर्षं वापरलं. तू मला बुधवारी म्हणाला होतास की रविवारी तिला सगळं सांगणार आहेस. मला माहीत होतं. तरी मी शुक्रवारी तिच्या वाचनालयात गेले. लग्नानंतर तू तिच्या गावी जाणार होतास. आई सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे असायची, ती बारा महिने माझ्याकडे आली असती. मला भीती वाटली. तिला घाबरवलं तर ती जाईल आणि तू राहशील, असं माझ्या डोक्यात होतं. शब्दही तसेच निवडले. आईला भरवावं कसं लागतं, ते तिला अगदी बारकाव्याने सांगितलं. तू किती हसवतोस ते सांगितलं नाही.

ती गेली, आणि तूही गेलास. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर ती थांबली असती का, ते आता कधीच कळायचं नाही. ते सांगायचं तुझं होतं. मी ते तुझ्याकडून हिसकावून घेतलं.

मला माफ कर. यायचं नसेल तर येऊ नकोस. पायाची मागणी मी परत घेते.

ताई


६ मे

प्रिय खांब्या,

येतोस! मी पत्र तीनदा वाचलं, मग यांना मोठ्याने वाचायला लावलं, अक्षर हललं तर नाही ना म्हणून.

तुझ्या अटी मान्य. एक, मुक्काम एकच दिवस. दोन, रक्त देणार नाहीस. तीन, तुझा आकडा फक्त तुला सांगायचा. चार, मी रडायचं नाही. पहिल्या तीन मी पाळीन. चौथीबद्दल घड्याळबाईला विचारलं, ती म्हणाली, अश्रूंवर तिचं नियंत्रण नाही.

दीडशे फुटांवर चढणारा माणूस आमच्या तीन पायऱ्यांना हसेल. आम्ही तिथे कठडा बसवलाय. धरायचा तो मी. तू लहानपणासारखा त्यावरून घसरू नकोस, त्याचा रंग अजून ओला आहे.

वाट बघतेय.

ताई


१९ मे

प्रिय खांब्या,

तुझी गाडी सुटली आणि आम्ही घरी आलो. तू अजून अर्ध्या वाटेतही नसशील. पण तू बोगद्यात होतास तेव्हा बाहेर काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते लिहून टाकते.

तू आत गेलास आणि मी बाकावर बसले. तुझे बूट माझ्या पायाशी होते. केवढे मोठे बूट रे. हे वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. ठकठक सुरू झाली आणि मी मनात सेकंद मोजायला लागले. मोजून काही उपयोग नव्हता, कधी सुरू करायचे तेच मला माहीत नव्हतं. पण थांबवेना. एवढी देवाची करुणा मी स्वतःसाठी कधी भाकली नव्हती. चुंबकाला म्हटलं, याचा साठा लवकर भर.

ठकठक थांबली. दार उघडून पायबांधे बाहेर आला. त्याच्या हातात कागद होता. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, तुमच्या भावाचा आकडा...’

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायच्या आत मी डोळे मिटून घेतले. खरंच सांगते, घट्ट मिटले. म्हटलं, ‘मला सांगू नकोस. त्याला सांग.’ तो म्हणाला, अहो, पण तुम्ही सख्ख्या बहीण. मी म्हटलं, म्हणूनच. तो गोंधळून परत आत गेला. यांनी वर्तमानपत्र सरळ केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तीस वर्षांपूर्वी एकदा बघितलं होतं. कधी, ते तुला सांगत नाही.

डोळे मिटलेले असताना माझ्या मनात काय नव्हतं! चांगला असेल तर? वाईट असेल तर? वाईट असेल तर हा उद्या क्रेनवर कसा चढणार? विचारू का, एकदाच, हळूच? जिभेच्या टोकावर आलं होतं. आजाराने माझे शब्द अडतात त्याचा तेव्हा पहिल्यांदा फायदा झाला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहायचंय. तू बाहेर आलास, बूट घातलेस. गेटपर्यंत मी काठीने चालले. गेटाबाहेर रस्ता उंचसखल आहे, तिथे तू काठी काढून यांच्याकडे दिलीस आणि आपला हात पुढे केलास. हे दहा पावलं पुढे गेले, मुद्दाम, त्यांना एवढं कळतं. मग तू विचारलंस, ‘त्याने तुला सांगितलं?’ मी म्हटलं, नाही. ‘तू विचारलंस?’ मी म्हटलं, ‘तुझा आहे.’

तू चालत राहिलास. माझ्यामुळे आपण दोघंही डुलत होतो आणि समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. औषधांच्या दुकानापाशी तू वाकलास आणि माझ्या कानात आकडा सांगितलास.

यांनी घरी येईपर्यंत दोनदा विचारलं. जेवताना एकदा. आत्ता मी लिहितेय तर खांद्यावरून डोकावतायत. त्यांचा चष्मा आणि माझं अक्षर यांची तशी गाठ पडायची नाही, तरी भरवसा नको. म्हणून इथेही लिहीत नाही.

त्यांना म्हटलं, मेहुण्याला पत्र टाका आणि विचारा. पत्ता देते.

तुझी
ताई